जमीन सगळ्यांची, वाट कुणाची?

सदर : उंबऱ्याबाहेर



गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये, मी लेकीकडे अमेरिकेत होते. मिसूरी नावाचं राज्य आणि सेंट लुईस शहराबाहेरची शांत वस्ती. त्या मुक्कामातली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. राहून गेली म्हणण्यापेक्षा मीच टाळली. कारण गोष्ट शिकारीची आहे आणि मी माळकरी घरातली. आमच्याकडे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नाही कधी. पण वर्ष झालं तरी ती मनातून जात नाही, तेव्हा आज सांगूनच टाकते.

लेकीच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय सत्तरीच्या पुढे, एकटेच. माझ्या नातवाशी त्यांची भारी गट्टी. एका शनिवारी संध्याकाळी ते दारात आले आणि म्हणाले, "उद्या पहाटे टर्कीचा आवाज ऐकायला जातोय. नातीलाही घेतलंय. येताय का सगळे?"

मी दचकलेच. नातू म्हणाला, "आजी, बंदूक नाही नेणार. हंगाम अजून सुरू झालेला नाही. फक्त पक्षी कुठे आहेत ते ऐकून यायचं."

नुसतं ऐकायचंच आहे तर जायला काय हरकत, असं म्हणून मी तयार झाले. पहाटे पाचला माझी आवडती लाल शाल गुंडाळून बाहेर पडले, तर आजोबांनी हात जोडूनच ती परत ठेवायला लावली. म्हणाले, "रानात लाल, पांढरं, निळं काही नको." टर्कीच्या नराचं डोकं आणि मान नेमकी त्याच तीन रंगांची असते. झाडीत बसलेल्या दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून एखादा लाल ठिपका दिसला आणि त्याने चुकून नेम धरला तर? हंगाम सुरू नसला तरी सवय आत्ताच लागायला हवी, असं त्यांचं म्हणणं. शाल घरात ठेवली आणि जावईबापूंचं मातकट जाकीट चढवून निघाले.

पहाटेची आरोळी

तासभर गाडी चालल्यावर आम्ही एका जंगलाच्या कडेला थांबलो. खडी टाकलेली छोटीशी जागा, सातआठ गाड्या मावतील एवढी. एक लाकडी पाटी. फाटक नाही, पहारेकरी नाही, तिकीट नाही. दोन गाड्या आमच्या आधीच उभ्या होत्या. आजोबांनी त्या पाहिल्या, अंदाज घेतला आणि आम्हाला उलट्या दिशेच्या पायवाटेने नेलं. "ते आधी आलेत, ती बाजू त्यांची," एवढंच म्हणाले.

एका जाड ओक वृक्षाच्या बुंध्याला पाठ टेकून आम्ही बसलो. अंधार, गारठा आणि ओल्या पाल्याचा वास. नातवाने माझा हात घट्ट धरला होता. मग तांबडं फुटायच्या सुमाराला दूरच्या टेकाडावरून आवाज आला. घशात पाणी घेऊन कुणी जोरजोरात गुळण्या कराव्यात तसा, पण अख्खं रान दणाणून सोडणारा. एकाने आरोळी दिली की दुसऱ्या टोकावरून दुसरा उत्तर देणार. हे एवढे जड पक्षी रात्री उंच झाडांवर झोपतात. वसंतात नर पहाटे झाडावरूनच मादीला साद घालतो आणि मग खाली उतरून मोरासारखा पिसारा फुलवतो.

शिकारी काय करतो, तर मादीचा आवाज काढतो. लाकडी डबीवर फळी घासून, पाटीच्या तुकड्यावर काडी घासून, नाहीतर तोंडात पातळ पडदा धरून. पण निसर्गाची रीत अशी की नराच्या आवाजावर मादी त्याच्याकडे जाते. इथे नराने आपल्याकडे यावं अशी अपेक्षा. म्हणजे गंगा उलटी वाहवायची! शिवाय टर्कीची नजर इतकी तीक्ष्ण की नाकावरची माशी उडवलीत तरी तो पसार. त्यामुळे बहुतेक दिवशी माणसं हात हलवतच घरी येतात, असं आजोबांनी हसत हसत सांगितलं.

नातवाने विचारलं, "आजी, आपल्याकडे मोराला मारतात?" मी म्हटलं, "छे रे! मोर आपला राष्ट्रीय पक्षी. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून आपल्याकडे शिकारीला बंदीच आहे."

तसा हा पक्षी आपल्याला अगदीच परका नाही बरं का. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाच्या दरबारात गोव्याहून एक टर्की आणला गेला होता. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज भाषेत टर्कीला 'पेरू' म्हणतात. नातवाला हे सांगितल्यावर तो दिवसभर "आजी, पेरू आरवला!" म्हणत फिरत होता.

हे रान कुणाचं?

परत येताना मी सहज विचारलं, "हे जंगल कुणाचं?"

आजोबा म्हणाले, "तुमचं."

मला वाटलं थट्टा करताहेत. तर ते खरंच समजावून सांगू लागले. मिसूरी राज्यातली सुमारे ९३ टक्के जमीन खासगी आहे. उरलेल्या थोड्या जमिनीत केंद्र सरकारची, राज्याची अशी सार्वजनिक रानं येतात. त्यातलंच हे एक, राज्याच्या निसर्ग संवर्धन खात्याचं. १९७६ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून स्वतःवर एक कर लावून घेतला. प्रत्येक खरेदीवर एक टक्क्याचा आठवा भाग, म्हणजे आठ डॉलरच्या खरेदीला एक सेंट, फक्त रानं आणि वन्यजीव सांभाळण्यासाठी. त्या पैशातून जमिनी विकत घेतल्या गेल्या, राखल्या गेल्या.

"तुम्ही काल दुकानातून भाजी आणलीत ना? त्यावरही हा कर लागला. मग रान तुमचं नाही तर कुणाचं?" आजोबा म्हणाले.

म्हणजे मी घेतलेल्या मेथीच्या जुडीचा चिमूटभर वाटा त्या ओकच्या बुंध्यापर्यंत पोचला होता. मंडळी, मला फार बरं वाटलं हो ते ऐकून.

आणि पक्षी कुणाचे? तर जंगली प्राणी हे तिथे जमीनमालकाचे नसतात. ते सगळ्या जनतेचे आणि राज्य त्यांचं राखणदार. शेतकऱ्याच्या वावरात टर्की उतरला म्हणून तो त्याचा होत नाही. पण त्या वावरात पाय ठेवायचा की नाही, हे मात्र शेतकरीच ठरवणार. खरी मेख इथेच आहे.

हरवलेला पक्षी परत आला

एक काळ असा होता की अमेरिकेतून हा पक्षी संपायलाच आला होता. जंगलं तुटली, वाटेल तशी शिकार झाली. मिसूरीने १९३७ मध्ये टर्कीच्या शिकारीचा हंगामच बंद केला. त्याच वर्षी देशपातळीवर एक कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना द्यायचा. तो कर आजही आहे, १० ते ११ टक्के.

आधी पाळीव टर्की वाढवून रानात सोडून पाहिले. ते काही जगले नाहीत. मग उरलेल्या अस्सल रानटी पक्ष्यांवर तोफेने जाळी उडवून त्यांना पकडायचं आणि जिथून ते नाहीसे झाले होते तिथे नेऊन सोडायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. तेव्हा कुठे १९६० मध्ये मिसूरीत हंगाम पुन्हा उघडला. फक्त तीन दिवस, १४ काउंट्यांपुरता. साऱ्या राज्यात मिळून ९४ पक्षी मारले गेले. आता दर वसंतात तोच आकडा चाळीस हजारांच्या आसपास असतो आणि तरीही रानात आरोळ्या ऐकू येतात.

नियम कडक आहेत. वसंतात फक्त नर, किंवा छातीवर दाढीसारखा केसांचा झुपका असलेला पक्षी. एका माणसाला अख्ख्या हंगामात दोन, तेही एका दिवसात नाही. दाणे टाकून भुलवायचं नाही, यंत्रावर आवाज लावायचा नाही. मारलेल्या पक्ष्याची नोंद त्याच दिवशी करायची.

मला शिकार पटली का? नाही. आजोबांनाही मी तसं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही न मारता राखता, आम्ही मोजून मारतो आणि राखतो. रान राहिलं पाहिजे, एवढं तरी दोघांचं एक आहे ना?" त्यावर मी गप्प बसले.

जांभळा पट्टा

आता आजोबांचं दुखणं सांगते.

चाळीस वर्षं ते एकाच शेतावर टर्कीला जात. शेतकरी त्यांचा मित्र. हंगामाआधी त्याच्याकडे कुंपण दुरुस्त करायला जायचं, गवताचे भारे रचायला हात लावायचा, नाताळला घरचा मध द्यायचा. परवानगी कधी कागदावर नव्हती. "येत जा" एवढाच करार. आजोबांच्या मुलाने पहिला टर्की तिथेच मारला. नात बारा वर्षांची झाली, तिलाही तिथेच न्यायचं ठरलं होतं.

मग मित्र वारला. त्याची मुलं दूरच्या शहरांत. शेत विकलं गेलं. पुढच्या वसंतात आजोबा गेले, तर कुंपणाच्या खांबांवर आणि झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे मारलेले. मिसूरीच्या कायद्यात जांभळा रंग म्हणजे 'आत येऊ नये' अशी पाटीच. १९९३ पासून. पट्टा किती लांब, जमिनीपासून किती उंच, दोन पट्ट्यांत किती अंतर, सगळं ठरलेलं. पाटी चोरीला जाते, रंग कोण चोरणार?

"चूक कुणाचीच नाही," आजोबा म्हणाले. "जमीन त्याची आहे. पण चाळीस वर्षं ज्या दारातून गेलो, ते दार माझं नव्हतंच, हे त्या दिवशी कळलं."

मग जायचं कुठे?

ज्याच्या घरी शेत नाही, ओळखीत शेतकरी नाही, त्याच्यासाठी तिथे तीन वाटा आहेत. आजोबांनी नातीला समजावल्या, तशाच तुम्हाला सांगते.

पहिली वाट सार्वजनिक रानाची. संवर्धन खात्याची रानं आहेत, शिवाय दक्षिणेला मार्क ट्वेन राष्ट्रीय वन आहे. मिसूरीतच वाढलेल्या त्या लेखकाच्या नावाचं, सुमारे १५ लाख एकरांचं. परवाना काढायचा, त्या रानाचे नियम वाचायचे आणि चालू लागायचं. प्रत्येक रानाचा नियम वेगळा. कुठे बंदूक चालते, कुठे फक्त धनुष्यबाण, तर कुठे सोडतीत नाव निघालं तरच प्रवेश. राष्ट्रीय वनाच्या सीमेच्या आतही अधूनमधून खासगी तुकडे असतात, म्हणून नकाशा सतत हातात हवा. आता फोनवर अशी ॲप आली आहेत की आपण कुणाच्या जमिनीवर उभे आहोत ते ठिपक्यासकट दिसतं.

दुसरी वाट भाड्याची. राज्य सरकार काही शेतकऱ्यांना दरवर्षी पैसे देतं आणि ते लोकांना आपल्या जमिनीवर येऊ देतात. फक्त पायी. गाडी बाहेर ठेवायची. शेजारच्या कॅन्सस राज्यात तर ही पद्धत १९९५ पासून आहे.

तिसरी वाट सगळ्यात जुनी. दार ठोठवायचं, टोपी काढायची, नाव सांगायचं आणि विचारायचं. बहुतेक वेळा 'नाही' ऐकायला मिळतं. मिळालं तर आभार मानून परत फिरायचं.

सार्वजनिक रानात गर्दी असते. चांगल्या जागी पहाटे चारलाच गाड्या लागतात. आणि आणखी एक गंमत ऐका. २०२४ पासून मिसूरीत मुख्य हंगामात खासगी जमिनीवर सूर्यास्तापर्यंत शिकार करता येते, सार्वजनिक जमिनीवर मात्र दुपारी एकपर्यंतच. आजोबा म्हणाले, "ज्याच्याकडे जमीन, त्याच्याकडे दिवससुद्धा मोठा!"

शिडीवरून उडी

त्या दिवसांत तिथे एका खटल्याची फार चर्चा होती. नुकताच मोठा निकाल लागला होता. शिकार टर्कीची नव्हती, एल्क नावाच्या सांबरासारख्या मोठ्या हरणाची होती. पण प्रश्न तोच, वाटेचा. आणि ती चार माणसं मिसूरीचीच, म्हणून आजोबांना जास्त कौतुक.

पश्चिमेला वायोमिंग नावाचं राज्य आहे. १८६२ मध्ये रेल्वे बांधण्यासाठी अमेरिकन सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंना जमिनी वाटल्या, त्या बुद्धिबळाच्या पटासारख्या. एक मैल बाय एक मैलाचा एक चौकोन रेल्वेला, शेजारचा सरकारकडे, पुन्हा रेल्वेला, पुन्हा सरकारकडे. रेल्वेचे चौकोन पुढे श्रीमंत मालकांकडे गेले. आता असं बघा, पटावरचे सगळे काळे चौकोन तुमचे आणि पांढरे दुसऱ्याचे. एका काळ्यावरून दुसऱ्या काळ्यावर जायचं तर फक्त कोपऱ्यावरून. तिथे चार चौकोन एका बिंदूत भेटतात. त्या बिंदूवरून पाऊल टाकलं तर खांदा, दप्तर, क्षणभर का होईना, पांढऱ्या चौकोनाच्या हवेत जाणारच.

त्या चौघांनी तिथे न्यायला लोखंडी शिडी बनवून घेतली. सार्वजनिक चौकोनात एक पाय, दुसऱ्या सार्वजनिक चौकोनात दुसरा पाय. चढले, उतरले. खासगी मातीला बोटही लावलं नाही. तरी २०२१ मध्ये त्यांच्यावर घुसखोरीचा गुन्हा नोंदवला गेला. २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवलं. जमीनमालकाने दिवाणी दावाही लावला होता. म्हणणं असं की या प्रकाराने माझ्या जमिनीची किंमत ७० लाख डॉलरहून जास्त घसरते.

२०२३ मध्ये न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो उचलून धरला. आधार कुठला, तर १८८५ चा एक जुना कायदा. कुरणं घेरून सरकारी जमिनीकडे जाणारी वाट अडवू नये, म्हणून केलेला. न्यायालय म्हणालं, खासगी जमिनीला स्पर्श न करता कोपरा ओलांडला तर तो गुन्हा नाही. मी परत आल्यावर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं अपील ऐकायला नकार दिला. म्हणजे वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा, या सहा राज्यांपुरता तो निकाल कायम झाला.

ऑनएक्स नावाची नकाशांची एक कंपनी आहे. तिने २०२२ मध्ये मोजलं, तर पश्चिमेत अशी फक्त कोपऱ्यांमुळे अडकलेली सार्वजनिक जमीन ८३ लाख एकर निघाली. कागदावर सगळ्यांची, पण पोचणार कसं?

आमचा बांध

नातू हे सगळं मला मराठीत सांगत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर भलतंच काही येत होतं.

माझं माहेर खानदेशातलं. आमचं एक शेत रस्त्यापासून आत आहे. जायची वाट दुसऱ्याच्या बांधावरून. मी नववीत असताना पुढच्या शेतवाल्याशी काहीतरी बिनसलं आणि त्याने बांधावर काट्या टाकल्या. सातबारा आमच्या नावावर. शेतसारा आम्ही भरत होतो. पण वेचलेली कपाशी बाहेर काढायला बैलगाडीच जाईना. आईने आणि काकूंनी डोक्यावर गाठोडी वाहिली. अर्धी कपाशी अवकाळी पावसात शेतातच भिजली. आप्पा एरवी कधी आवाज चढवत नसत. त्या रात्री ते जेवले नाहीत, एवढं आठवतं.

आपल्याकडेही यासाठी कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. शेतावर जायला वाट नसेल तर दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते आणि तहसीलदार चौकशी करून निर्णय देतात. आप्पांनी अर्ज केला, दोन वर्षं तालुक्याला खेटे घातले आणि शेवटी वाट मिळाली.

हे सांगायला छान वाटतं. पण पुढचं सांगायला जीभ जड होते.

मी अमेरिकेला निघण्याच्या महिनाभर आधी दादाचा फोन आला होता. आमच्या शेताच्या मागचा तुकडा एका तरुण जोडप्याने घेतला होता. त्यांना वाट हवी होती, आमच्या बांधावरून. दादाने नाही सांगितलं. "आज वाट दिली की उद्या हक्क सांगतील. ट्रॅक्टर आला की बांध मोडणार. नको ती कटकट." आणि मी फोनवर म्हटलं होतं, "बरोबर आहे तुझं."

ज्या आप्पांची कपाशी भिजली, त्यांच्याच लेकरांनी हे म्हटलं होतं. ते मला कधी उमगलं, तर हजारो मैलांवर, एका परक्या म्हाताऱ्याच्या गाडीत, शिकाऱ्यांच्या शिडीची गोष्ट ऐकताना.

नातीचा शनिवार-रविवार

मुख्य हंगामाच्या आधी दोन दिवस मुलांचा हंगाम असतो. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, जाणतं माणूस बरोबर हवं. आजोबांच्या नातीने त्याआधी जुन्या शेताच्या नव्या मालकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. माझे बाबा इथे पहिल्यांदा आले होते, मलाही यायचं आहे, फाटक लावून घेईन, कचरा करणार नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं. सभ्य होतं. शेत एका मंडळाला शिकारीसाठी भाड्याने दिलंय, क्षमस्व.

मग ते दोघं त्याच सार्वजनिक रानात गेले, जिथे आम्ही आरोळी ऐकली होती. शनिवारी काही नाही. रविवारी एक नर उत्तर देत देत जवळ आला, पण कुंपणापलीकडे. जांभळ्या पट्ट्यांच्या पलीकडे पिसारा फुलवून तासभर नाचला आणि निघून गेला. त्याला काय ठाऊक कुठली जमीन कुणाची!

पोर रिकाम्या हाताने परत आली. मला वाटलं, हिरमुसली असेल. तर ती नातवाला सांगत होती, "तिथे आपल्याला कुणाला विचारावं लागलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ."

ते वाक्य मी ऐकलं आणि त्या रानाचं मोल मला कळलं. मेहरबानीची वाट देणारा मेला की बंद होते. सगळ्यांच्या जमिनीचं दार ठोठवावं लागत नाही. म्हणूनच ती राखावी लागते आणि तिच्याकडे जाणारी वाटही राखावी लागते. मग तुम्ही तिथे बंदूक घेऊन जा, नाहीतर माझ्यासारखं नुसतं कान देऊन बसा.

त्या रात्री, म्हणजे आपल्याकडच्या सकाळी, मी दादाला फोन लावला. टर्की, शिडी, कोपरा, सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तिकडची हवा लागली वाटतं तुला. आधी परत ये, मग बोलू." मी म्हटलं, "दादा, आप्पा त्या रात्री जेवले नव्हते." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्याने "ठेवतो" म्हणून फोन ठेवला.

जूनमध्ये मी माहेरी गेले. पेरणी झाली होती. मागच्या बांधाला लागून गाडी जाईल एवढी पट्टी दादाने रिकामी सोडली होती. मी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. वहिनी हळूच म्हणाली, "या हंगामापुरती म्हणून दिलीय. लेखी काही नाही." पुढच्या हंगामाचं काय, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मी मात्र दर फोनला त्या जोडप्याच्या कपाशीची चौकशी करते. तेवढं माझ्या हातात आहे.

मंडळी, तुमच्या गावात, तुमच्या आठवणीत अशी एखादी अडवलेली किंवा उघडलेली वाट असेल. पाणंद असेल, शिवरस्ता असेल, गायरानाकडे जाणारी पायवाट असेल, नाहीतर शहरातल्या बागेचं कायम कुलूप लावलेलं मागचं फाटक असेल. आपल्या मुलांना ती दाखवा आणि तिची गोष्ट मलाही जरूर लिहून पाठवा.